करंगळीच्या बुडाशी

"बिब्बा लावला होता का नव्हता, एवढंच सांगा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"लावला होता."

"मग काळं पडणार नाही तर काय गोरं पडणार?"

त्या हसल्या. शेजारी उभी असलेली नर्स हसली. आणि ज्यांनी स्वतःच्या हातानं तो बिब्बा लावला होता त्या माझ्या सासूबाई, आत्ती, त्याही तोंडाला पदर लावून हसल्या. मला हसू आलं नाही. मी टेबलाला धरून, एक पाय वर करून लंगडी घातल्यासारखी उभी होते आणि डॉक्टर चौगुले बाई खुर्चीतून वाकायलासुद्धा तयार नव्हत्या.

"बाई, हा डाग बिब्ब्याच्या आधीपासनं आहे," मी म्हटलं. "तळव्याला, करंगळीच्या बुडाशी. आधी मसुरीच्या डाळीएवढा होता. दिवस गेल्यापासनं वाढायला लागलाय. कधी कधी रक्त पण येतं."

"पाचवा महिना ना? पोटावर काळी रेघ आली असेल. तोंडावर वांग आलाय, तो तर मला इथनं दिसतोय. हे सगळं हार्मोन्सचं असतं, वैजयंता. गरोदरपणात सगळे डाग गडद होतात. बाळंत झालीस की आपोआप जाईल."

"पण वांगातनं रक्त येत नाही की हो!"

"कंडक्टर ना तू? दिवसभर उभी असतेस. कुरूप झालं असेल, बुटात घासत असेल." त्यांनी लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या लिहिल्या आणि कागद माझ्यापुढं सरकवला. "पुढच्या महिन्यात ये. चला, कोण आहे पुढं?"

मी एस.टी.त कंडक्टर. मागच्या बाकावर झोपेचं सोंग घेऊन तिकीट चुकवणाऱ्या माणसाला मी दारातनं हाक मारून उठवते, असा माझा आवाज. पण बाई गरोदर असली की तिच्या आवाजाला कुणी हिंग लावून विचारत नाही, हे मला त्या वर्षी कळलं. डोकं दुखलं, हार्मोन्स. डोळ्यांत पाणी आलं, हार्मोन्स. आणि राग आला तर मग विचारूच नका! बसमध्ये एका दारुड्याला मी खाली उतरवलं तर आमचा ड्रायव्हर म्हणाला, "मॅडमचे दिवस चाललेत, जरा सांभाळून घ्या." अरे बाबा, दारुड्याला मी दिवस नसतानाही उतरवलंच असतं!

घरी येताना रिक्षात आत्ती म्हणाल्या, "बघ, मी म्हणत हुते का न्हाई? एवढ्याशा कुरपासाठी डॉक्टरणीपुढं पाय नाचवत बसलीस. बिब्बा उतला की कुरूप मुळासकट निघतं. आमच्या आईचं निघालं हुतं."

"आणि नाही निघालं तर?"

"तर परत लावायचा."

दुसऱ्यांदा मी लावू दिला नाही. पण पहिल्याच बिब्ब्यानं काम केलं होतं. गरम तेलानं आजूबाजूची कातडी भाजून काळी पडली होती. खरा डाग कुठला आणि बिब्ब्याचा कुठला हे आता ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. ज्याला त्याला तेवढं निमित्त मिळालं. नवऱ्याला दाखवला तर तो म्हणाला, "बिब्ब्याचाच आहे की."

पुढच्या महिन्यात दवाखान्यात गेले तर चौगुले बाई कुणाच्या तरी लग्नाला गेलेल्या. त्यांच्या जागी एक तरुण डॉक्टर बसली होती, शिरीन मुजावर म्हणून. मी ड्यूटीवरनं तशीच आले होते, खाकी साडी, बूट, मोजे. तिनं रक्तदाब बघितला, पोट तपासलं आणि म्हणाली, "पायाला सूज आहे का बघू. मोजे काढा."

"सूज नाही हो."

"काढा ना ताई, दोन मिनिटांचं काम."

डाव्या मोज्याला रक्त चिकटलं होतं. तिनं पाय हातात घेतला, घोट्याजवळ अंगठ्यानं दाबून बघितलं आणि मग तळवा उलटा केला. बॅटरी मागवली. मला वाटलं, आता हीसुद्धा हार्मोन्स म्हणणार. मी उत्तर तयार ठेवलं होतं.

"बिब्बा कधी लावला?" तिनं विचारलं.

"दोन-एक महिने झाले."

"आणि हा डाग त्याच्या आधी होता का?"

खरं सांगते, हा प्रश्न मला तोवर कुणी विचारलाच नव्हता. "होता," मी म्हटलं, "होता होता होता! सगळ्यांना सांगून सांगून थकले."

"ताई, हे कुरूप नाही. कडा बघा, कशा वेड्यावाकड्या आहेत. एकीकडं तपकिरी, एकीकडं काळाशार. गरोदरपणात डाग गडद होतात हे खरं आहे. पण ते सगळीकडं, सारखे. एकच डाग असा एकटा पसरायला लागला तर बाई गरोदर आहे म्हणून सोडून द्यायचा नसतो. मी मिरजेला चिठ्ठी देते. उद्याच जा."

घरी सांगितलं तर आत्ती म्हणाल्या, "उद्या अमावस्या हाय."

मी अमावस्येला गेले.

तुकडा काढून तपासायला पाठवला. निकाल घ्यायला नवरा बरोबर आला होता. हणमंत त्याचं नाव. माणूस वाईट नाही, सूतगिरणीत सुपरवायझर, निर्व्यसनी. पण आईपुढं त्याच्या तोंडातनं शब्द फुटायचा नाही. मिरजेचे सर्जन, डॉक्टर पेंढारकर, पिकलेल्या केसांचे. त्यांनी आडपडदा ठेवला नाही.

"कातडीचा कॅन्सर आहे. मेलॅनोमा म्हणतात. अजून खोल गेलेला दिसत नाही, पण हा थांबणारा नाही. करंगळी आणि शेजारचं बोट काढावं लागेल, खालचा थोडा तळवा पण. जांघेतली एक गाठ तपासायला घेऊ. ह्याच आठवड्यात."

"आणि बाळ?" हणमंतनं विचारलं.

"कमरेखालची भूल देऊ. सहावा महिना आहे, बाळाला धोका अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. पण थोडा आहे. थांबण्यातला धोका त्याहून फार मोठा आहे. हा रोग पाय सोडून वर चढला तर मग माझ्या हातात काही राहत नाही."

"बाळाला काही होणार नाही ना, डॉक्टर?" हणमंतनं परत विचारलं.

मी त्याच्याकडं बघत राहिले. म्हटलं आता विचारेल, बायको जगेल का. नाही विचारलं.

घरी पंचायत बसली. आत्ती पलंगावर, माझ्या मंदावन्सं, म्हणजे नणंद, दारातल्या खुर्चीवर, हणमंत भिंतीला टेकून. मी खाली सतरंजीवर, पाय लांब करून. आरोपीची जागा खालीच असते.

"बाळंत हू दे," आत्ती म्हणाल्या. "मग काय कापायचं ते कापा. तीन महिन्यांत काय आभाळ कोसळतंय?"

"माझ्यावर कोसळतंय, आत्ती."

"पोटातल्या लेकराला भूल चढली म्हंजे? येडं जल्मलं म्हंजे? मग काय करशील?"

"आणि मीच राहिले नाही तर? ते लेकरू काय वाऱ्यावर जन्माला येणार?"

त्यावर आत्तींनी जे काढलं, ते त्यांच्या मनात कधीपासनं शिजत होतं कोण जाणे. "हे असं झालं का, ते इचार की आधी. लगीन झाल्यावर दोन वरीस गोळ्या खाल्ल्यास. मला काय कळत न्हवतं व्हय? पोर हू ने म्हणून औषधं खायाची, अंगातली उष्णता आतल्या आत कोंडायची. ती कुठनं तरी बाहेर पडणारच की! आमाला सा पोरं झाली, एकीला तरी असलं काय झालं?"

"टीव्हीवर पण सांगतात तसं," मंदावन्संनी भर घातली. "हार्मोन्सच्या गोळ्यांनी कॅन्सर होतो म्हणून."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझी नोकरी कायम होईपर्यंत मूल नको, हे आम्ही दोघांनी मिळून ठरवलं होतं. मिळून! गोळ्यांचं पाकीट हाच आणायचा सरकारी दवाखान्यातनं. पाण्याचा तांब्या रात्री हाच उशाशी ठेवायचा आणि "घेतलीस का गं?" म्हणून विचारायचा. मी हणमंतकडं बघितलं. म्हटलं, बोल. आता तरी बोल.

तो पंख्याकडं बघत होता.

"विचारा तुमच्या लेकाला, गोळ्या कोण आणत होतं ते," मी म्हटलं.

"नवऱ्यावर ढकलतीस?" आत्ती कडाडल्या. "खाल्ल्या कुणी? त्यानं?"

तरी तो पंख्याकडंच बघत होता. त्या क्षणी मला कॅन्सरची भीती वाटेनाशी झाली, इतका संताप आला. काय न्याय आहे बघा! डाग वाढत होता तेव्हा सगळे म्हणत होते, हार्मोन्सचं आहे, काही नाही, गप बस. आणि आता कॅन्सर निघाला तरी हार्मोन्सचंच, पण आता गुन्हा माझा. मी पोर होऊ दिलं नाही तेव्हा चुकले, आणि होऊ दिलं तेव्हाही चुकले. म्हणजे बाईच्या अंगात जे काही होतं ते तिनंच केलेलं असतं. आणि त्यावर उपाय करायची वेळ आली की मात्र निर्णय सगळ्या घरानं घ्यायचा.

"मी सोमवारी मिरजेला जाणार," मी म्हटलं. "ज्याला यायचं त्यानं या."

हणमंत आला. एवढं त्याचं मान्य करते. पण वॉर्डात पोचल्यावर सिस्टरनं ऑपरेशनचा कागद पुढं केला आणि म्हणाली, "मिस्टरांची सही लागेल." मी मागं वळून बघितलं तर मिस्टर गायब. चहाला गेले म्हणे.

आम्ही थांबलो. चहा संपायला किती वेळ लागतो? मी लंगडत खिडकीशी गेले. खाली गेटाजवळ झाडाखाली तो एकटाच उभा होता. हातात कप पण नव्हता.

"सिस्टर, द्या तो कागद. मी करते सही."

"तसं चालत नाही हो ताई. नवरा, नाहीतर सासरे."

"सासरे वारले."

"मग दीर?"

"अहो, पाय माझा!" माझा आवाज चढला. वॉर्डातल्या सगळ्या खाटा माझ्याकडं वळल्या. "रोग माझा, पोट माझं, मरणार तर मी मरणार. आणि सही दिराची? दिराला माझा पाय डावा का उजवा ते तरी ठाऊक आहे का? मी रोज शंभर माणसांना तिकीट फाडून देते, सरकारचा गल्ला सांभाळते, तिथं माझी सही चालते. माझ्या स्वतःच्या करंगळीवर चालत नाही?"

आवाज ऐकून डॉक्टर पेंढारकर आत आले. काय झालं ते सिस्टरनं सांगितलं. त्यांनी तिच्याकडं बघितलं आणि म्हणाले, "ह्यांचं वय काय? शुद्धीवर आहेत ना? मग ह्यांचीच सही. कायद्यानं तेवढीच लागते. बाकी आपली सवय."

मी सही केली. अख्खं नाव लिहिलं, वैजयंता.

"डॉक्टर, एक विचारू? खरं सांगा," मी म्हटलं. "मी गोळ्या खाल्ल्या म्हणून झालं का हे? का दिवस गेले म्हणून?"

ते खाटेच्या कडेला बसले. तेवढ्यात हणमंत दारात येऊन उभा राहिला होता, तो मला दिसला. बरं झालं, म्हटलं, ऐक.

"हार्मोन्सचा आणि ह्या रोगाचा काही संबंध आहे का, ह्यावर जगभर अभ्यास चाललेत," डॉक्टर म्हणाले. "कुणी म्हणतं थोडा असेल, कुणी म्हणतं नाही. एका बाईकडं बोट दाखवून 'तुझ्या गोळ्यांनी झालं', 'तुझ्या बाळंतपणानं झालं' असं म्हणायला कुठल्याच डॉक्टरकडं पुरावा नाही. आणि तळव्यावरचा हा प्रकार, हा कुणालाही होतो. पुरुषांनाही. तुम्ही काही केलंत म्हणून झालेलं नाही हे."

"ऐकलंत का?" मी दाराकडं बघून म्हटलं. "घरी जाऊन हे सांगाल?"

हणमंतनं मान हलवली. होकाराची का नकाराची, ते त्याचं त्याला माहीत. मग जवळ आला आणि हळूच म्हणाला, "बाळाला..."

"अहो, माझं विचारा की एकदा!" मी ओरडले. "एकदा तरी!"

त्याचे डोळे भरून आले. पण विचारलं नाहीच. त्याला येतच नव्हतं ते, आता मला तसं वाटतं. त्या वेळी वाटलं नव्हतं. त्या वेळी वाटलं होतं, पाय बरा झाला की पहिली लाथ ह्याला.

दोन बोटं गेली. जांघेतली गाठ स्वच्छ निघाली, रोग वर चढलेला नव्हता. दिवस भरल्यावर पोरगी झाली, चांगली धडधाकट, रडली तर शेजारच्या वॉर्डातनं माणसं बघायला आली. आवाज माझाच.

बारशाला गल्लीतल्या बायका भरल्या होत्या. मी काठी घेऊन चालत होते तेव्हा, पायात मऊ तळाची चप्पल. घरात चप्पल घालते म्हणून आत्तींचं तोंड आधीच वाकडं झालेलं. मंदावन्संनी पाळण्यात वाकून पोरीच्या कानात कुर्र केलं, मृणाली म्हणून नाव सांगितलं, बायकांनी त्यांच्या पाठीत धपाटे घातले, हशा झाला. सगळं रीतीप्रमाणं चाललं होतं. तेवढ्यात कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्या बाईनं माझ्या पायाकडं बघून विचारलं, "पायाला काय झालं गं हिच्या?"

आणि आत्ती पाळण्याची दोरी ओढत म्हणाल्या, "काय सांगू काकी. ही पोटात आली आन् आईचा पाय खाल्ला हिनं. येतानाच दोन बोटं खाऊन आली बया."

बायका चुकचुकल्या. कुणीतरी पाळण्यातल्या पोरीकडं असं बघितलं की माझ्या काळजाचं पाणी झालं. अठ्ठावीस दिवसांचं लेकरू ते! त्याला अजून मान धरता येत नव्हती आणि त्याच्यावर खुनाचा आळ आला होता. मला उभा जन्म दिसला तिचा. शाळेत, लग्नात, सणावाराला, कुणी ना कुणी सांगणार, हिनं आईचा पाय खाल्ला. आणि एक दिवस तिला ते खरं वाटणार.

"थांबवा पाळणा," मी म्हटलं.

आत्तींचा हात थांबला.

"मंदावन्सं, काकी, सगळ्या ऐका. मला हा डाग लग्नाआधीपासनं होता. त्याच्यासाठी मी कधी दवाखान्याची पायरी चढले नाही. तळव्याच्या डागासाठी कोण बाई रजा काढते? सांगा, तुमच्यातली कोण काढेल? मी दवाखान्यात गेले ती हिच्यासाठी. तुम्हीच नेलंत मला, आत्ती, नातवासाठी नेलंत. ही पोटात होती म्हणून त्या पोरसवदा डॉक्टरनं सूज बघायला माझा मोजा काढला. मोजा काढला म्हणून डाग दिसला." माझा आवाज फाटायला लागला होता, पण मी तो खाली आणला नाही. "हिनं माझा पाय खाल्ला नाही. हिनं माझा पाय दाखवला. ही आली नसती तर आज तुम्ही बारशाला नसता जमला. माझ्या दहाव्याला जमला असता!"

घुगऱ्यांची परात तशीच मध्ये पडली होती.

"आणि परत कुणी माझ्या लेकीला हे म्हणालं," मी म्हटलं, "तर बारसं असो का लग्न, हात धरून दाराबाहेर काढीन. मला सवय आहे."

दारात हणमंत उभा होता. तो खाकरला. मग बायकांच्या घोळक्याकडं न बघता, भिंतीकडं बघत बोलला, "गोळ्या मी आणत होतो, आई."

एवढंच. तेवढ्यासाठी त्याला इतके महिने लागले होते. आत्तींनी त्याच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि उठून स्वयंपाकघरात गेल्या.

मला अजून धीर आला. म्हटलं, आता आलंच आहे तोंडात तर होऊन जाऊ दे. "बसल्या काय? तळवे बघा आपापले. शेवटचे कधी बघितले होते?"

पहिल्यांदा सगळ्या लाजल्या. मग शेजारच्या शकूमावशी म्हणाल्या, "अगं बाई, माझा तर काटा मोडला तेव्हा बघितलेला," आणि त्यांनी साडी सावरून पाय पुढं केला. मग दुसरीनं. मग एकमेकींचे बघायला लागल्या. हळदीकुंकवाच्या ताटाभोवती सगळ्या बायका तळवे वर करून बसलेल्या, कुणाला भेगा, कुणाला शेणानं पिवळी पडलेली टाच, कुणाच्या बोटाला जखम. हसता हसता एकमेकींना विचारत होत्या, "हे काय आहे गं? हे कधीपासनं आहे?"

संध्याकाळी सगळ्या गेल्यावर मी पोरीला पाजत बसले होते. आत्ती आल्या. कधी नव्हे त्या माझ्यासमोर खाली सतरंजीवर बसल्या. त्यांनी माफी मागावी असं मला वाटत होतं. ती त्यांनी मागितली नाही, पुढंही कधी मागितली नाही. माझा राग गेला नव्हता. अठरा वर्षं झाली, आजही पुरता गेलेला नाही.

मग त्यांनी लुगडं घोट्यापर्यंत वर घेतलं आणि उजवा पाय माझ्यापुढं सरकवला.

"बघ गं जरा," त्या म्हणाल्या. "मला दिसत न्हाई तळचं."

मी पोरीला खाली ठेवलं. पाय हातात घेतला. उजेडाकडं वळवला. बोटांच्या बेचक्या बघितल्या, टाच बघितली, करंगळीच्या बुडाशी अंगठ्यानं चोळून बघितलं. भेगा होत्या. बाकी काही नव्हतं.

"दुसरा दाखवा," मी म्हटलं.